मीटरवरचा शक्तिपत्रा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मागच्या रांगेतली माणसं खुर्च्यांवर उभी राहून विजेची बिलं फडकवत होती आणि मंचावरचे ऊर्जागुरू डोळे मिटून ती फडफड अमृतासारखी प्राशन करीत होते.

"युनिटं किती?" त्यांनी डोळे न उघडताच विचारलं.

"तेवढीच!" बेकरीवाला ओरडला. "गेल्या साली याच महिन्यात होती तेवढीच. आणि बिल पाऊणपट!"

"वीज तेवढीच, मोल कमी. हे गणितात बसतं का?"

"नाही!" अख्खी सभा गरजली. गणिताला सोडचिठ्ठी देताना माणसांना एवढा आनंद होतो, हे पाहून दारापाशी उभ्या असलेल्या मीटर तपासनीस बाईंना शिसारी आली.

बावीस वर्षं त्या वीज कार्यालयात मीटर तपासत होत्या. या गावातली प्रत्येक मीटरपेटी त्यांच्या हाताखालून गेली होती, आणि गेले तीन महिने त्या प्रत्येक पेटीत एक लाल पुडकं लटकताना त्यांना दिसत होतं. आत तांब्याचा 'शक्तिपत्रा', बाहेर शिवलेलं कापड. शिवण उसवायची नाही, अशी सक्त ताकीद. सोबत आचारसंहिता: संध्याकाळी सहा ते दहा वीज 'विसावते', तेव्हा भट्टी, इस्त्री, धुलाईयंत्र, पाण्याची मोटर यांनी तिला छळू नये. जड कामं सकाळी दहा ते दुपारी चार, म्हणजे वीज 'प्रसन्न' असताना उरकावीत.

शिंप्याने एकदा परीक्षा घेतली होती. महिनाभर त्याने पत्रा काढून ठेवला, आणि पत्रा नाही तर नियम तरी कशाला पाळायचा म्हणून संध्याकाळभर इस्त्री चालवली. बिल फुगलं. शिंप्याने कान धरले, परत जाऊन दोन पत्रे घेतले. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कुठल्या एकीचा हे कळत नाही, एवढी साधी अक्कल गावात कोणालाही सुचली नाही. उलट शिंप्याचं बिल 'पुरावा' म्हणून सभागृहाच्या भिंतीवर चिकटवलं गेलं.

बाईंनी हे सगळं भावाला सांगून पाहिलं होतं. पण पिकतं तिथं विकत नाही. भावाची लाँड्री होती. वर घर, घरात आई, आणि आईच्या उशाशी प्राणवायूचं यंत्र. त्याच्याविना ती अर्धा तासही तग धरत नव्हती.

आज ऊर्जागुरूंनी 'महापत्रा' काढला होता. जुना द्या, वर तिप्पट मोल द्या, नवा न्या. अट एकच: आजपासून अकरा दिवस, सहा ते दहा, घराचा मुख्य खटकाच खाली ओढायचा.

घड्याळात सव्वापाच झाले होते. रांगेत जुनं पुडकं घेऊन उभ्या असलेल्या भावाचा दंड बाईंनी धरला.

"दादा, आईच्या यंत्राचं काय करणार आहेस?"

"विचारलंय मी गुरुजींना. पत्रा तिच्या छातीवर ठेवायचा. चार तासांचा तर प्रश्न आहे."

"चार तास ती श्वास कशानं घेणार? तांब्यानं?"

"तुझं नेहमीचंच. तीन महिने बिल उतरलं, ते काय हवेनं?"

"ताई," मंचावरून मधाळ हाक आली, "शंका हा मनाचा गंज आहे. तांबं बोलतं, फक्त ऐकणारा कान हवा."

"मग ऐकूच या," बाई म्हणाल्या. त्यांनी भावाच्या हातातलं पुडकं ओढून घेतलं आणि शिंप्याच्या खिशातली कात्री मागितली. शिवण उसवली. आतून बुटाच्या पॉलिशच्या डबीचं झाकण टणकन फरशीवर पडलं.

पुढची रांग वाकून फरशीवर बघू लागली.

"तांबं दोन महिने माझ्या कपाटात आहे, दादा. पुडकं मीच उसवून परत शिवलं. नियम तू पाळत राहिलास आणि दोन्ही महिने बिल उतरलंच. कशानं उतरलं सांग. पॉलिशनं?"

"श्रद्धेनं!" ऊर्जागुरू गडबडीने उद्गारले.

"मग महाराज, श्रद्धा झाकणावरही चालते. तांब्याचे पैसे कशाला घेता?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. बाईंनी बेकरीवाल्याच्या हातातलं बिल उलटं करून त्याच्याच नाकासमोर धरलं. "वाच. मोठ्यानं."

बारीक अक्षर वाचताना बेकरीवाला घामाघूम झाला. "चार महिन्यांपासून... वेळेनुसार दर. दहा ते चार सवलतीचा. सहा ते दहा... दुप्पट."

"संध्याकाळी सगळं गाव एकदम वीज ओढतं, म्हणून तेव्हा ती महाग. दुपारी मागणी कमी, म्हणून स्वस्त. नवं मीटर तासातासाचा हिशेब ठेवतं. युनिटं तेवढीच, दर वेगळा. गणितात बसतं की नाही?"

"बसतं," बेकरीवाला पुटपुटला. शिंपी उठला आणि भिंतीवरचं आपलं बिल फाडू लागला. ऊर्जागुरूंनी मागच्या दाराकडे प्रस्थान ठेवलं. जो कागद सर्वांना फुकट आला होता, तोच त्यांनी सर्वांना विकला होता. त्यांची सारी तपश्चर्या म्हणजे चष्मा लावून बिलाची पाठ वाचण्याएवढीच.

भाऊ मात्र जागचा हलला नव्हता. "मी खटका ओढणार होतो गं," तो म्हणाला. "पाच मिनिटं आधीच. उशीर नको म्हणून."

"घरी चल."

सहा वाजता दोघं आईच्या खोलीत उभी होती. यंत्र घरघरत होतं. आईने मुलाचा उतरलेला चेहरा पाहिला आणि नळी सावरत विचारलं, "काय रे, काही हरवलं का?"

त्याने वाकून यंत्राची पिन भिंतीत आणखी घट्ट दाबली.

वाचकहो, उत्तर तुम्ही द्या. जड यंत्रं दुपारी अवश्य चालवा. तो शहाणपणा आहे आणि त्यासाठी कुणाच्या पाया पडावं लागत नाही. पण जो माणूस कारण न सांगता तुमचा हात दुसऱ्याच्या श्वासाच्या खटक्यावर ठेवू पाहतो, त्याला आधी विचारा: कशावरून? विचारल्याने चिडला, तर समजा, उत्तर मिळालं.