बादलीतला डोळा

मी पाणी बघणारा डोळा बोलतोय. सावकाश बोलतो, सांभाळून घ्या. जन्मभर एका वेळी एकच आकडा सांगायचं काम केलं, त्यामुळे भराभर बोलायची सवय राहिली नाही.

लोक मला सेन्सर म्हणतात. दिसायला मी साधाच. अंगठ्याहून थोडा जाड, काळा, एका टोकाला वायरीचं शेपूट आणि दुसऱ्या टोकाला काचेची दोन बारकी भिंगं. एका भिंगातून मी पाण्यात उजेड सोडतो. दुसरं भिंग बाजूला बसून वाट बघतं. पाण्यात मळ, माती, शेवाळ असं काही तरंगत असलं की उजेड त्यावर आपटून बाजूला उडतो आणि मला दिसतो. बंद खोलीत फटीतून ऊन आलं की त्यात धूळ चमकते ना, तसंच. पाणी नितळ असलं की उजेड सरळ निघून जातो आणि मला काही दिसत नाही. म्हणजे बघा, ज्या दिवशी मला काहीच दिसत नाही तो माझा सगळ्यात चांगला दिवस.

माझी भिंगं एका बाईंनी बसवली. लांब टेबलाशी बसून त्या दिवसभर हेच काम करत. त्यांनी मला आधी शुद्ध पाण्यात बुडवलं आणि म्हणाल्या, "हे शून्य. नीट बघून ठेव." मग दुधासारख्या पाण्यात धरलं. "आणि हे गढूळ."

शेजारची हसली. "अगं, बाळाला घास भरवतेस की काय?"

"भरवायलाच हवा. याचं शून्य चुकलं तर जन्मभर चुकत राहील बिचारा."

मला कुणी बिचारा म्हटलं ते तेवढंच. पुढं जे म्हटलं ते सांगतोच.

मी आलो तो एका पोहण्याच्या तलावावर. तलाव भावाबहिणीचा. वडील गेल्यावर दोघांनी तो चालवायला घेतला होता. हिशेब, तिकिटं, दुरुस्ती भावाकडं. त्याला सगळे दादा म्हणत. पोहायला शिकवणं आणि काठावर बसून लक्ष ठेवणं बहिणीकडं, ती ताई. पंपाची खोली सांभाळायला एक म्हातारे काका होते. तलावातलं पाणी पंपानं ओढून वाळूच्या मोठ्या फिल्टरमधून गाळायचं आणि परत तलावात सोडायचं, हे त्यांचं काम. त्या वाटेवरच्या पाइपाला भोक पाडून मला बसवलं. माझा आकडा वायरीतून थेट फाटकाजवळच्या फलकावर जायचा. खाली दोन दिवे. पाणी चांगलं असेल तर हिरवा, नसेल तर लाल.

बसवणाऱ्या कारागिरानं काकांना बजावलं होतं. "काच मऊ फडक्यानं पुसायची. आकडा फार वाढला तर आधी हा डोळा काढून स्वच्छ पाण्यात धरून बघायचा. तिथं आकडा उतरला तर डोळा बरा आहे, खोट पाइपात आहे असं समजायचं."

"समजलं," काका म्हणाले. काका प्रत्येक गोष्टीला समजलं म्हणत.

तलावात माणसं उतरतात तेव्हा त्यांचं सगळंच उतरतं. डोक्याचं तेल, तोंडाची क्रीम, अंगाचा मळ. वर पाण्यातले क्षार. या सगळ्याचा पापुद्रा माझ्या काचेवर बसे आणि मला सगळं जग धुकट दिसू लागे. लाल दिवा लागे. लोक फाटकाशी थबकत, दादा चिडे, आणि काका तारेची घासणी घेऊन येत.

हो, तारेची. भांडी घासतात ती.

"जरा चकचकीत करतो तुला," असं म्हणून त्यांनी मला इतक्या मायेनं घासलं, की काचेवर ओरखड्यांचं जाळं झालं. त्या दिवसापासून मला शुद्ध पाणीसुद्धा गढूळ दिसायला लागलं. शेवटी कारागीर आला, काच बदलली आणि काकांवर ओरडला. काका म्हणाले, "समजलं." त्यांचा राग यावा असं माणूस ते नव्हतंच. पण प्रेमानं डोळा फोडला तरी डोळा फुटतोच की नाही?

असो. नवी काच बसली आणि मी पुन्हा नीट बघायला लागलो. आणि तेव्हाच खरं दुखणं सुरू झालं.

पंपाच्या तोंडाशी एक रबरी वायसर असतं. ते झिजलं. पंप पाण्याबरोबर हवा ओढू लागला आणि माझ्यासमोरून बुडबुड्यांची रांग जाऊ लागली. आता मला बुडबुडा काय आणि मळ काय, सारखेच. उजेड अडला एवढंच मला कळतं. मी आकडा वाढवला. लाल दिवा लागला.

ताईनं सकाळचा वर्ग रद्द केला. तो वर्ग उतारवयात पोहायला शिकणाऱ्या बायकांचा होता. त्यात एक शिंपीणकाकू होत्या. वर्गातल्या सगळ्यांचे पोहण्याचे कपडे त्यांनीच उसवून मापात बसवून दिले होते. म्हणायच्या, "सुईत दोरा मी एका झटक्यात ओवते. पण पाण्यात गेलं की माझे पाय कुठं नि डोकं कुठं, मलाच पत्ता लागत नाही." दुसऱ्या होत्या कंडक्टरबाई. नोकरी बसवर झाली होती, निवृत्त झाल्या तरी जिभेवरची बस काही थांबली नव्हती. फलकाकडं बघून त्या म्हणाल्या, "चला, उतरा सगळ्या. आज गाडी डेपोतच."

ताई खाली वाकून पाण्यात बघत राहिली. तळाच्या फरश्या स्वच्छ दिसत होत्या.

"दादा, पाणी तर चांगलं दिसतंय."

"मग हे काय भलतंच? मूर्ख आहे का हे यंत्र?"

पुढं रोज हेच. तळ दिसतोय आणि मी लाल. मला मूर्ख म्हणून झालं, खोटारडा म्हणून झालं, "याच्यापेक्षा आमचा कुत्रा हुशार" हेही झालं. मी आतून ओरडत होतो. अरे बाबांनो, पाइपात हवा येतेय! मातीसाठी नाही तर हवेसाठी तरी बघा! पण माझ्याकडं शब्द कुठं आहेत? एक आकडा आहे. तो मी जीव तोडून सांगत होतो आणि तेवढ्याचाच त्यांना राग येत होता.

शेवटी काकांना कारागिराचं सांगणं आठवलं. त्यांनी मला पाइपातून काढलं, भोकाला बूच मारलं, स्टीलच्या बादलीत पिण्याचं पाणी भरलं आणि मला त्यात सोडलं. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! आता कळेल. माझा आकडा सरसर उतरला. फलकावर हिरवा दिवा लागला.

"दादा, डोळा बरा आहे," काका म्हणाले. "खोट पाइपात आहे."

इतकं बरोबर बोलले. एका पावलावर उत्तर होतं. पण दादा दारातून फलकाकडं बघत होता. फाटकाशी माणसं उभी होती आणि हिरवा दिवा बघून आत येत होती.

"असू दे," दादा म्हणाला.

"म्हणजे? परत पाइपात..."

"असू दे म्हटलं ना काका. पाइपात हवा शिरून बुडबुडे होत असतील, ते बघू सवडीनं. पाणी चांगलंच आहे, तळ दिसतोय. उगाच लोक घाबरतात."

"ताईला सांगू का?"

"तिला कशाला? तिच्या डोक्याला आधीच काय कमी ताप आहे?"

"समजलं," काका म्हणाले.

आणि मी बादलीत राहिलो.

तुम्हाला हसू येईल, पण माझी खरी निगा राखली गेली ती त्या बादलीत. काका रोज सकाळी पाणी बदलत. जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं काच अलगद पुसत. धूळ पडू नये म्हणून वर झाकण ठेवत. पाइपात असताना ज्या हातांनी मला तारेनं खरवडलं तेच हात आता लेकरासारखं जपत होते. आणि का? तर मला काही दिसू नये म्हणून!

मी खोटं बोललो नाही. बादलीतलं पाणी खरोखर नितळ होतं. मी तेच सांगत होतो. पण बाहेर फलकावर तो आकडा तलावाचा म्हणून वाचला जात होता. ताई रोज सकाळी फाटकातून येताना त्याच्याकडं बघे, मान हलवे आणि शिट्टी गळ्यात अडकवून काठावर बसे. तिचा विश्वास बसत होता तो माझ्यावर. याचा मला किती त्रास झाला ते कुणाला सांगू?

इकडं ती हवा थांबली नव्हतीच. ती फिल्टरमध्ये शिरून वाळू उसकटत होती. वाळूत वाटा पडल्या आणि त्या वाटांनी मळ न गाळता परत तलावात जाऊ लागला. पाणी एकदम गढूळ झालं असतं तर कुणी तरी बोललं असतं. पण ते रोज थोडं थोडं झालं. रोज बघणाऱ्या डोळ्याला रोजचा फरक कळत नाही. उथळ बाजूला सगळं ठीक वाटे. खोल बाजूच्या फरश्या पुसट झाल्या, मग नुसता निळसर धूर राहिला. ताईनं एकदा विचारलं होतं. "दादा, खोल बाजू जरा मळकट वाटते का रे?"

"फलक बघ की. हिरवा आहे."

तिनं फलक बघितला. तो हिरवा होता.

पंपाच्या खोलीचं दार तलावाच्या काठावरच उघडतं. एका सकाळी मला बायकांचा वर्ग ऐकू येत होता. फळी धरून खोल बाजूपर्यंत जाऊन यायचं होतं. हसणं, पाण्याचे फटके, शिंपीणकाकूंचं "अगं बाई, अगं बाई". मग सगळ्या काठाला आल्या आणि कंडक्टरबाईंनी सवयीनं डोकी मोजली.

"एक सीट कमी आहे."

कुणीतरी हसलं. "काकू असतील. गेल्या असतील कपडे बदलायला."

"नाही गं, दाराकडं मी उभी आहे. माझ्यासमोरून कुणी उतरलेलं नाही."

हसणं थांबलं. कुणाची तरी फळी पाण्यावर एकटी हेलकावत होती.

"काकू!" ताई ओरडली. मग तिचा आवाजच बदलला. "तळ दिसत नाही. मला तळ दिसत नाही!"

धप्प आवाज आला. ती उडी मारून आत गेली होती. वर आली, श्वास घेतला, परत गेली. चाचपडत होती ती. भर उजेडात, आंधळ्यासारखी, हातांनी तळ चाचपत. आणि मी, ज्याचं सगळं आयुष्य याच एका गोष्टीसाठी घडवलं होतं, भिंतीपलीकडं झाकणाखाली बसून फलकावर सांगत होतो, सगळं छान आहे. सगळं छान आहे.

तिसऱ्यांदा ताई वर आली तेव्हा तिच्या हातात काकूंचा दंड होता.

काकू वाचल्या. काठावर पालथं घालून पाणी काढलं, त्या खोकल्या, रडल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या, "माझी टोपी गेली." सगळ्या एकदम हसल्या आणि मग सगळ्याच रडल्या.

ताई उठली ती तशीच निथळत फलकाकडं गेली. हिरवा दिवा बघून तिथून वायरीच्या मागं मागं पंपाच्या खोलीत आली. तिनं झाकण उचललं.

"काका, हे काय?"

"मीच ठेवलाय, ताई. पण पाणी रोज बदलत होतो... बादलीतलं."

"बादलीत कोण पोहतं, काका?"

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं मला वायरीसकट उचललं, काठावर नेलं आणि तलावात धरलं. उजेड चारी बाजूंनी माझ्यावर उसळला. फलकावर आकडा चढत गेला आणि लाल दिवा लागला.

दादा धावत आला. "अगं, लोक बघतायत. बुडबुड्यांनी वाढतो तो."

"कुठंयत बुडबुडे? दाखव."

दादा पाण्याकडं बघत राहिला. मग काठावर टॉवेलात गुंडाळलेल्या काकूंकडं त्यानं बघितलं आणि खाली बसला.

तलाव बंद झाला. वायसर बदललं, माझ्या भिंगाएवढी रबराची चकती ती. फिल्टरची सगळी वाळू बदलली. एवढं झाल्यावर मला वाटलं, आता तरी कुणी मला म्हणेल, तुझं बरोबर होतं. पण दादानं फाटकावर पाटी लावली. "यंत्र बिघडल्यामुळे तलाव बंद आहे." आणि मला काढून नवा सेन्सर मागवला.

यंत्र बिघडल्यामुळे! येणारा जाणारा वाचतो आणि म्हणतो, हल्लीची यंत्रं अशीच. ताईनं ती पाटी उतरवायला लावली, पण तोवर गावभर झालं होतं.

आता मी पंपाच्या खोलीतल्या फळीवर आहे. वायर गुंडाळून ठेवली आहे. काचेवर सुकलेल्या थेंबांचे पांढरे डाग आहेत, ते कुणी पुसत नाही. पाइपात माझा धाकटा भाऊबंद बसला आहे. त्याला तारेची घासणी अजून भेटलेली नाही.

तलाव उघडला त्या सकाळी शिंपीणकाकू आल्या. पाण्यात उतरायच्या आधी या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. ताई म्हणाली, "काकू, फलक हिरवा आहे. तळही मी बघितलाय."

"ते बाहेर वाचलं गं मी. मला तो डोळा कुठं ठेवलाय ते दाखव."

ताईनं पाइपाकडं बोट केलं. काकू वाकल्या, वायर हातानं चाचपत पाइपाच्या भोकापर्यंत गेल्या, तिथं बोट ठेवलं, आणि मग टोपी घालून बाहेर गेल्या. फळीवर मी होतो, माझ्याकडं त्यांची नजर गेली नाही. चालायचंच.

मंडळी, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या पाण्यावरही कुठं तरी माझा भाऊबंद बसला असेल. त्याची काच मऊ फडक्यानं पुसा. तो चिडला तर त्याला खोटारडा म्हणण्याआधी पाइपात वाकून बघा. आणि त्याचा आकडा हिरवा दिसला की लगेच निर्धास्त होऊ नका. काकूंसारखं वायर धरून शेवटपर्यंत जा आणि तो कुठल्या पाण्यात आहे ते बघा.