खाटेची उंची

“छातीच्या उंचीवर धर, छातीच्या,” समितीचे कावाल्लारोसाहेब म्हणाले. “फॉर्मात तसंच लिहिलंय.”

मी वायू मोजायचं यंत्र तसं धरलं. आकडा सभ्यपणे खाली आला. साहेबांनी बरोबरची खूण केली आणि मागे उभ्या असलेल्या घरमालक ओनोफ्रिओकाकांचा चेहरा खुलला. बिचाऱ्यांनी पाच महिने शेजारच्या लिपारी बेटावर, शाळेतल्या छावणीत काढले होते.

“नून्झिया, संध्याकाळी जेवायला ये गं. अंगणातल्या केपरच्या आंबट कळ्या घालून पास्ता करतो,” ते म्हणाले.

ज्वालामुखी फुटायचा धोका ओसरला, बंदराजवळची घरं उघडा, असं सरकारच्या समितीने ठरवलं होतं. समितीचं सगळं कागदावर पक्कं. स्फोट झाला तर राख कुठे पडेल, दगड कुठवर येतील, बोटी किती लागतील. पण डोंगर फुटला नाही तरी जमिनीतून वायू झिरपत राहतो, आणि तो जड, खालीच साचतो. याच गल्लीत मांजरं मेली, ती काय उगाच? तीन वर्षं मी हा वायू मोजतेय, पण माझं ऐकतो कोण!

“साहेब, माणूस झोपतो तिथे मोजू या की.”

“तसा रकाना नाही.”

माझं डोकंच फिरलं. खिशातला लायटर पेटवला. छातीपाशी ज्योत ठणठणीत. वाकून काकांच्या खाटेवरच्या गादीपाशी नेली, तर विझली. उभी राहून पुन्हा पेटवली, खाली नेली. पुन्हा विझली.

“वारा असेल,” साहेब म्हणाले.

“खिडक्या बंद आहेत. वारा काय तुमच्या खिशातून आला?”

काका गादीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “साहेब, या खाटेवर एक रात्र तुम्ही झोपून दाखवा. सकाळी मी सामान आणतो.”

साहेबांनी फॉर्मावर काहीतरी खरडलं आणि सहीसाठी पुढे केलं.

“मोठ्याने वाच गं पोरी,” काका मला म्हणाले.

मी वाचलं, “घरमालकाचा परत येण्यास नकार.” स्वतःहून नकार दिला म्हटल्यावर आता छावणीतली खाटही बंद! लाज कशी वाटत नाही या माणसांना? घर राहण्याजोगं नाही एवढं लिहायला हात धजत नाही, आणि म्हाताऱ्याच्या तोंडी नकार घालायला बरा धजतो!

काकांनी पेन मागून घेतलं. कागद भिंतीला टेकवला आणि एकेक अक्षर सावकाश काढत त्या ओळीखाली लिहिलं, ‘मला यायचं आहे.’ मग सही केली, टोपण लावलं आणि पेन साहेबांना अदबीने परत दिलं.