आठशे सत्तेचाळीसचं उत्तर

ऑफिसात तिला सगळे मास्तरीण म्हणायचे, आणि नाव चपखल होतं. बस कंपन्या आपापली वेळापत्रकं पाठवत, कुणी नीटनेटकी, कुणी गबाळी. ती वाचून थांब्यांवरच्या फलकांना समजतील अशी मांडणारा प्रोग्रॅम, म्हणजे पार्सर, ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या काकांनी अकरा वर्षांपूर्वी लिहिला होता, आणि त्या पार्सरची परीक्षा घेणं हे मास्तरिणीचं काम. चौदाशे बारा प्रश्न, प्रत्येकाशेजारी बरोबर उत्तर. पार्सरमध्ये कुणी एक ओळ जरी बदलली तरी सगळी परीक्षा पुन्हा. जुनी प्रत्येक चूक तिथे प्रश्न होऊन बसलेली, म्हणजे ती परत डोकं वर काढणार नाही. उत्तर जुळलं की हिरवं, नाही जुळलं की लाल. लाल दिसलं की मास्तरीण कुणाची भीडभाड ठेवत नसे.

तिच्या टेबलावर तिच्याच अक्षरात चिठ्ठी होती: 'लाल आलं की आधी डोळ्यांनी बघा.' कारण एक चोरवाट होती. कधी कधी पार्सर बरोबर असतो आणि साठवलेलं उत्तरच जुनं झालेलं असतं. तेव्हा एक आज्ञा दिली की पार्सर आत्ता जे म्हणतोय तेच बरोबर उत्तर म्हणून नोंदलं जाई. विद्यार्थ्याच्या पेपरवरून उत्तरपत्रिका बनवायची, असला तो प्रकार. बघून केलं तर सोय, न बघता केलं तर वाटोळं.

सहा आठवड्यांपूर्वी एका शुक्रवारी काकांनी पार्सरचा एक भाग नव्याने लिहिला आणि त्रेसष्ट लाल आले. तिने वीस बघितले. सगळीकडे नुसती रिकाम्या जागांची भानगड. नवऱ्याचे दोन फोन येऊन गेले होते, सिनेमाची तिकिटं काढलेली. शितावरून भाताची परीक्षा झाली म्हणायचं, असं मनाशी ठरवून तिने उरलेले त्रेचाळीस एका फटक्यात स्वीकारले आणि पर्स उचलली. सिनेमाही टुकार निघाला.

त्यानंतर दहा दिवसांनी काका तिच्या टेबलाशी आले होते. एका जुन्या कंपनीच्या वेळापत्रकात शेवटच्या रकान्यात चांदणीची खूण असते. तिचा अर्थ, ही बस शनिवारी नसते. तो अर्थ कागदावर कुठेच छापलेला नव्हता. काकांनी तो फार पूर्वी फोन करून विचारून घेतला होता. नव्या लिखाणात ही चांदणी गळाली होती, ती त्यांनी पार्सरला परत वाचायला लावली, आणि आठशे सत्तेचाळीस नंबरचा प्रश्न लाल झाला. उत्तरात लिहिलेलं होतं: बस सातही दिवस.

"मला तर पक्कं आठवतंय, शनिवारी नसते," काका म्हणाले.

"काका, तुमची आठवण चुकेल. टेस्ट खोटं बोलत नाही," ती हसत म्हणाली होती. त्यांनी निमूटपणे दुरुस्ती काढून टाकली. पुढच्या मीटिंगमध्ये स्वतःहूनच म्हणाले, "हल्ली माझ्या डोक्याचा भरवसा राहिला नाही." मॅनेजरने ते लगेच उचलून धरलं. महिनाअखेर पार्सर दुसऱ्यांच्या हाती द्यायचा असं ठरलं, आणि काका एका वहीत सगळं लिहून काढायला बसले.

आज सकाळी नऊला मास्तरीण नव्या कंपनीसाठी प्रश्न वाढवत होती. ही कंपनी त्या जुनीचंच भावंड. तशीच चांदणी, पण खाली टीप छापलेली: शनिवारी बंद. पार्सरने चांदणी गिळली. तिने आठशे सत्तेचाळीस उघडला, त्याचा इतिहास काढला. अकरा वर्षं उत्तर होतं, 'शनिवार सोडून'. बदललं त्या शुक्रवारी, सहा वाजून चार मिनिटांनी. बदलणारीचं नाव तिचंच.

काकांना लगेच सांगायला हवं होतं. पण माणूस आधी स्वतःची कातडी बघतो, आणि मास्तरीण काही वेगळ्या मातीची नव्हती. तिने गुपचूप जुनं उत्तर परत घातलं, चांदणीचे नवे नऊ प्रश्न जोडले आणि परीक्षा घेतली. दहा लाल. मॅनेजर मागून जाता जाता थबकला.

"काकांची अजून एक चूक?"

"हो... म्हणजे, बघते मी," ती म्हणाली. त्या 'हो'ची तिला लाज वाटली. तरी ती जेवली, दोन पत्रांना उत्तरं दिली, आणि काकांच्या टेबलाजवळून जायला नको म्हणून पाणी प्यायला लांबच्या जिन्याने वर गेली.

साडेतीनला काकाच वही घेऊन आले.

"हे घे, चांदणीचं पानही लिहिलंय. मात्र ते तूच तपास. डॉक्टरकडे जाऊन आलो परवा. घड्याळ काढायला लावलं, पाच शब्द लक्षात ठेवायला लावले. म्हणाले, ठणठणीत आहात."

"मग?"

"मग काय? त्यांचे पाच शब्द, तुझे चौदाशे बारा प्रश्न. तुझ्या पेपरात नापास झालोय ना मी." ते हसले. "शनिवारी थांब्यावर जाऊन चाळीस मिनिटं उभाही राहिलो. बस आली नाही. पण एखाद्या दिवशी बस बंदही पडते. काकूने तर मला घरी एकटं सोडणंच बंद केलंय. हल्ली स्वतःच्या घराची बेल वाजवून आत जातो."

मास्तरिणीला खुर्चीत बसवेना.

"काका, तुमचं बरोबर होतं. उत्तर मी बदललं. न बघता. मला सिनेमाला जायचं होतं."

तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. काकांनी चष्मा वर सरकवून तारीख वाचली, वेळ वाचली, नाव वाचलं.

"तुला कधी कळलं?"

"सकाळी. नऊला."

काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "नऊला," एवढंच ते म्हणाले. शुक्रवारचं त्यांनी कदाचित सोडून दिलं असतं. हे साडेसहा तास त्यांच्या जिव्हारी लागले, आणि ते तिला दिसलं.

तिने त्यांच्यासमोरच बदलाच्या नोंदीत लिहिलं: 'चूक पार्सर लिहिणाऱ्याची नाही. त्यांची दुरुस्ती बरोबर होती, ती मी खोट्या उत्तराने पाडली.' खाली नाव घातलं आणि मॅनेजरसकट सगळ्यांना पाठवून दिलं. पलीकडच्या खोलीत मॅनेजरची खुर्ची करकरली.

काकांनी फोन लावला आणि तिच्यापुढे धरला.

"घरी तू सांग. माझ्या सांगण्यावर आता कुणी विश्वास ठेवत नाही."

तिने फोन घेतला. काकूंना तिने सगळं सांगितलं, चांदणी, शुक्रवार, सिनेमा, काही न गाळता. मग काकूंचा आवाज आला, एकदम लहान झालेला.

"म्हणजे ते विसरत नव्हते? अगं, मी त्यांच्या घराच्या किल्ल्या काढून घेतल्यात. डब्यात लपवून ठेवल्यात. त्या... देऊ का परत?"

काका खिडकीपाशी पाठमोरे उभे होते.

"द्या, काकू," मास्तरीण म्हणाली. "आजच द्या."