तेल वर येईपर्यंत

आमच्या घरात दिवस उजाडायचा तो इंजिनाच्या आधीच्या आवाजाने. घुस्स… घुस्स… घुस्स… कुणीतरी जड जातं सावकाश फिरवावं तसा. शेडमध्ये आमचे हे ट्रॅक्टरच्या तोंडाशी वाकून हँडल फिरवत असायचे. इंजिन लागायचं ते त्यानंतर, बऱ्याच वेळाने.

ट्रॅक्टर छोटा, एका सिलिंडरचा. मी लग्न होऊन आले त्याच साली तोही घरात आला. सासूबाई चारचौघांत म्हणायच्या, "एकाच साली दोन नवी माणसं घरात आली, आणि दोन्ही सकाळी लवकर सुरू होत नाहीत." मी नवी होते, मान खाली घालून हसायचे.

इतरांचे ट्रॅक्टर हँडल मारलं की सुरू व्हायचे आणि लगेच बोंबलत शेताकडे पळायचे. ह्यांना ते बघवायचं नाही. इंजिनाच्या डोक्यावर एक खटका होता. तो उचलून धरला की आतली हवा निसटते, इंजिन नुसतं फिरतं, पेट घेत नाही. हे डाव्या हाताने खटका धरायचे आणि उजव्या हाताने फिरवत राहायचे. मी एकदा विचारलं, "अहो, लागू द्यायचंच नाही तर फिरवता कशाला?"

"अगं, रात्रभर उभं राहिलं की सगळं तेल खाली चेंबरमध्ये उतरतं. वर सगळं कोरडं. तशात पेटवलं तर लोखंडावर लोखंड घासतं. दिवसभर नांगरून झिजत नाही तेवढं त्या पहिल्या दोन श्वासांत झिजतं. झोपेतून उठलेल्या माणसाला कुणी पळायला लावतं का? आधी घसा तरी ओला होऊ दे."

हा घसा ओला करण्याचा किस्सा गल्लीत गेला आणि महिनाभर लोक ह्यांच्याकडे संशयाने बघत होते. तोंडात कधी थेंब न घेतलेला माणूस!

तेल वर पोचलं की इंजिनाच्या मागच्या अंगाला एक लाल बटण वर यायचं. पण हँडल पुढे आणि बटण मागे. फिरवणाऱ्याला ते दिसायचं नाही. म्हणून ते बघणं माझं काम झालं. मी मागे उकिडवी बसायचे, डोळे बटणावर. ते हळूच डोकं वर काढायचं, आणि मी ओरडायचे, "आलं!" मग ह्यांचा हात खटक्यावरून सुटायचा आणि पहिल्याच झटक्यात इंजिन धडधडायला लागायचं. धाकटी नणंद चिडवायची, "वहिनी सकाळी सकाळी आलं विकायला निघाल्या, कोथिंबीर आहे का?"

माझ्या हाकेशिवाय ह्यांनी कधी खटका सोडला नाही. मी बाळंत झाले तेव्हासुद्धा नणंदेला मागे बसवलं होतं. ती म्हणाली, "दादा, झालं, वर आलं." हे फिरवतच राहिले. शेवटी मी खोलीतून, अंथरुणातूनच ओरडले. तेव्हा कुठे सोडला. इतकी वर्षं झाली, इंजिन एकदाही उघडावं लागलं नाही.

मागच्या थंडीत हे गेले. दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. माणसं आली, राहिली, पांगली. घरात मी, मुलगा आणि सून एवढेच उरलो त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती त्या आवाजाने.

घुस्स… घुस्स… घुस्स…

मी हलले नाही. भीती वाटली म्हणावं तर तसंही नाही. आवाज थांबला. मग दम घेतल्याचा आवाज, नाकातून बारीक शिट्टी वाजते तसा. ह्यांचा दम मला ओळखू यायचा नाही तर कुणाला? पुन्हा फिरवणं सुरू. उजाडेपर्यंत फिरवणं आणि थांबणं. इंजिन काही लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते वाट बघताहेत. मागे बसून कुणी सांगितलंच नव्हतं.

शेड माझ्या खोलीला लागूनच. उशीवरून डोकं न उचलता नुसतं "आलं" म्हटलं असतं तरी पोचलं असतं. पण मी तोंड मिटून पडून राहिले. का म्हणू? म्हटलं की हे खटका सोडणार, वर चढून बसणार आणि निघून जाणार. रोज पहाटे भिंतीपलीकडे माझा माणूस होता. तो मी स्वतःच्या तोंडाने कसा घालवू?

सून एकदा सकाळी म्हणाली, "आई, शेडमध्ये उंदीर झालेत वाटतं. पहाटे काहीतरी घासल्यासारखं येतं."

"असतील," मी म्हटलं. "राहू देत."

असं वर्ष सरत आलं. मुलाची नोकरी, शेती दुसऱ्याला कसायला दिलेली, ट्रॅक्टर नुसता उभा. एक दिवस रोपवाटिका चालवणारी एक बाई तो घ्यायला आली. चांगली धिप्पाड, हसली की शेडचा पत्रा वाजेल अशी.

मुलगा म्हणाला, "वर्षभर उभाच आहे. हँडलने सुरू व्हायचा नाही. जीपला दोर लावून गिअरमध्ये ओढू, लगेच पकडेल."

"ओढायचा नाही," मी दारातूनच म्हटलं.

"आई, एकदाच तर ओढायचंय."

"त्या एकदातच बेअरिंग खलास होईल. थेंबभर तेल नसेल वर. बाबा असते तर तुझ्या हातातला दोर घेऊन तुलाच बांधला असता."

बाई खदखदून हसली. "मावशी बरोबर बोलतात. मला इंजिन हवंय, भंगार नको. वरचं झाकण काढा, आधी हाताने तेल सोडू."

मुलाने झाकण काढलं. दोघं आत वाकून बघत राहिली. आतलं सगळं ओलं होतं. ताज्या तेलाने चकचकत होतं.

बाईने आत बोट फिरवून बघितलं. "कोरडं कुठाय? हा तर रोज फिरवलेला दिसतोय. कोण फिरवत होतं?"

मुलाने माझ्याकडे बघितलं. माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही हे त्याला माहीत होतं. सून दारात उभी होती, ती हळूच घरात गेली.

बाईने हँडल लावलं, खटका उचलला. "मला पुढून बटण दिसत नाही. कुणीतरी मागे बसा."

मुलगा मागे वळला. खाली बसणार तेवढ्यात माझ्याच्याने राहवलं नाही. "तू सरक. तुझं काम नाही ते."

गुडघे कुरकुरले तरी मी बसले, जुन्या जागी. बाई फिरवू लागली. घुस्स… घुस्स… दुसऱ्या फेरीलाच लाल बटण पूर्ण वर आलं. इतक्या लवकर ते कधीच आलं नव्हतं.

आणि माझे ओठ उघडेनात.

"आलं का मावशी?"

मी बटणाकडे बघत राहिले. बाई फिरवत होती, धापा टाकत होती. तिच्या धापांच्या मधे मला दुसरा दम ऐकू आला. नाकातून बारीक शिट्टी. पण पूर्वीसारखा नव्हता तो. फाटलेला होता, ओढून ओढून घेतलेला. वर्षभर मी भिंतीपलीकडून ऐकत होते आणि हे मला कळलं नव्हतं. मी आपली सोबत ऐकत होते. त्यांच्या दमण्याकडे माझं लक्षच नव्हतं.

"मावशी, अहो हात तुटायला आला माझा!"

"आलं," मी म्हटलं. आवाज नीट फुटला नाही. म्हणून पुन्हा मोठ्याने म्हटलं, तेव्हा ओरडायचे तसं. "आलं हो! सोडा आता."

खटका पडला. पहिल्याच झटक्यात इंजिन लागलं. शेडचा पत्रा थरथरला, धूर निघाला आणि विरला. मुलगा म्हणाला, "कमाल आहे!" बाईने ट्रॅक्टर थोडा वेळ हळू चालू दिला, घाई केली नाही. मला तिचं बरं वाटलं. मग ती वर चढली आणि ट्रॅक्टर फाटकातून बाहेर गेला. आवाज वळणापर्यंत ऐकू आला. मग तोही नाही.

शेडमध्ये तेलाचा काळा डाग राहिला. त्याच्या पुढे जमिनीत दोन खळगे होते, वर्षानुवर्षं पाय रोवून पडलेले. मी त्यांवरून झाडू फिरवला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी कान देऊन पडून होते. काहीच नाही. भिंत नुसती भिंत होती.

सकाळी सून पाणी देताना म्हणाली, "आज आवाज नव्हता, आई. उंदीर गेले वाटतं."

"हो," मी म्हटलं.

अजूनही त्याच वेळेला जाग येते. घसा कोरडा पडलेला असतो. उशाचं पाणी पिते आणि पडून राहते. पूर्वी उजाडायला एवढा वेळ लागायचा नाही.