मारुतीचं तेल आणि मी

मित्रांनो, माझ्यावर चढणारा माणूस आधी वाकून मला हात लावतो, तो हात कपाळाला नेतो आणि मगच पाय ठेवतो. पायाखाली असूनही इतका मान मिळावा, हे माझं भाग्यच. मी कीर्तनाचा एक जुना सागवानी मंच आहे. नागपूरच्या प्रताप नगरात एक राममंदिर आहे. त्याच्या सभागृहात, भिंतीला पाठ लावून, माझं आयुष्य गेलं.

त्याआधी मी आलापल्लीच्या जंगलात उभा होतो. पानांवर वारा वाजायचा, तेवढंच माझं कीर्तन. मग मला तोडलं, आरा मशीनवर चिरलं आणि शालिकराम मिस्त्रींच्या हवाली केलं. त्यांनी माझ्या फळ्या अशा जोडल्या की मधून सुईसुद्धा जाऊ नये. मंच उभा झाल्यावर कोणीतरी म्हणालंच, आता झकास पॉलिश मारा, आरशासारखा चमकेल. मिस्त्री मान हलवून म्हणाले, "बुवा अनवाणी नाचतात गा याच्यावर. चमकवलं तं घसरतीन. याले तेल पाजू."

आणि खरोखरच त्यांनी मला तेल पाजलं. इतवारीच्या बाजारातून उकळलेलं जवसाचं तेल आणलं, फडक्यानं पातळसं लावलं आणि बिडी ओढत बसून राहिले. मग कोरडं फडकं घेऊन मला इतकं घासलं की हाताला तेल लागेना. वाळू दिलं, पुन्हा लावलं, पुन्हा पुसलं. "जेवढं पेलं तेवढं त्याचं. उरलं ते पुसून घ्यायचं," असं ते स्वतःशीच बोलत. तेलकट फडकीसुद्धा त्यांनी बोळा करून टाकली नाहीत, बाहेर तारेवर पसरून वाळवली. जवसाच्या तेलाचा बोळा आपोआप तापतो आणि पेटतो, हे त्यांनी एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं. ते तेल माझ्या अंगात वाळलं. मी चमकलो नाही, पण माझी एकेक रेष उजळून आली.

पुढची वर्षं सुखाची गेली. चिपळ्या, टाळ, बुक्क्याचा वास, लोकांचा गजर! आधी मंद चालणारी पावलं आख्यान रंगलं की ठेका धरायची आणि तो ठेका माझ्या फळ्याफळ्यांतून घुमायचा. दर फाल्गुनात वामनराव नावाचे सेवेकरी मला जवसाचं तेल देत. मागच्या दिवाळीनंतर ते अमरावतीला मुलाकडे राहायला गेले. जाताना एवढंच म्हणाले, मंचाला तेल लावत जा. कोणतं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही.

ती सेवा सत्यवतीबाईंनी मागून घेतली. साध्या, भाविक बाई. कीर्तनाला सर्वांच्या आधी येत आणि पेटीवाल्याच्या बाजूला, माझ्या डाव्या कोपऱ्याला टेकून बसत. आमच्या मंदिरात मारुतीही आहे. शनिवारी लोक त्याला तेल घालतात आणि ते खाली एका पिंपात जमतं. सत्यवतीबाईंना वाटलं, देवाच्या अंगावरून उतरलेलं तेल देवळातच असताना बाजारचं कशाला आणायचं? रामाच्या कीर्तनाला मारुतीचं तेल! विचार करतानाच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं असेल. त्यांनी ते वाटीवाटीनं माझ्यावर ओतलं, हातानं पसरलं आणि नमस्कार करून उठल्या. पुसलं मात्र नाही.

मी तहानलेला होतो, थोडं प्यालो. पण मित्रांनो, ते तिळाचं तेल. ते कधी वाळतच नाही. बाकीचं माझ्या अंगावर तसंच पडून राहिलं. मंदिराच्या समितीचे अध्यक्ष गणपतराव आले आणि खूश होऊन म्हणाले, "वा! पाहा कसा चमकून राहिला." सत्यवतीबाई लाजल्या. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण लाकडाला तोंड कुठून असणार?

गुढीपाडव्यापर्यंत माझ्यावर धूळ बसून चिकट थर तयार झाला. रामनवमीच्या उत्सवाला गोपिकाताई आल्या. साठी ओलांडलेल्या कीर्तनकार, पण पायांत वीज. त्या संध्याकाळी मारुतीचं उड्डाण रंगलं होतं. मारुती समुद्र ओलांडायला निघाला आणि ताईंनी गिरकी घेतली. अंग फिरलं, पण तळपाय माझ्यावर चिकटून राहिला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांत आधी मला ऐकू आला.

टाळ थांबले. ताईंना उचलून नेलं. कोणीतरी मला बोट लावून पाहिलं, मग दुसऱ्यानं पाहिलं, आणि हळूहळू सगळ्यांच्या नजरा माझ्या डाव्या कोपऱ्याकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी सत्यवतीबाई एकट्याच आल्या. गरम पाणी आणि सोडा घेऊन मला घासत सुटल्या. पाण्यानं माझे तंतू उभे झाले, अंगावर पांढरे चट्टे पडले, तरी चिकटपणा काही जाईना. त्या घासत होत्या आणि रडत होत्या. बाई, थांबा, हे पाण्यानं जात नाही, असं मी सांगणार तरी कसं? त्या दिवसापासून त्या सभागृहात आल्या नाहीत. आरती बाहेरूनच घेत, चपला काढायच्या जागी उभ्या राहून. माझा डावा कोपरा रिकामा राहिला.

वैशाखात गणपतरावांनी ठरवलं, हा मंच उखडायचा आणि टाईल लावायच्या. पुसलं की काम झालं. मोजमाप घ्यायला शालिकराम मिस्त्रींचा मुलगा जितेंद्र आला. त्याचा शहराबाहेर वाडीला कपाटांचा कारखाना आहे. त्यानं मला नखानं खरवडलं, बोट नाकाशी नेलं आणि म्हणाला, हे तर तिळाचं तेल आहे.

"मारुतीचं हाये ते," गणपतराव म्हणाले.

"मारुतीले चालते, काका. लाकडाले नाही चालत." मग तो म्हणाला की लाकूड आतून ठणठणीत आहे. म्हणाल तर उखडतो, म्हणाल तर साफ करून जवसाचं तेल देतो. गणपतरावांना भीती होती ती पुन्हा कोणी पडण्याची, आणि ती काही खोटी नव्हती. शेवटी ठरलं, जिचा पाय मोडला तिलाच विचारावं.

गोपिकाताई प्लास्टरचा पाय घेऊन आल्या आणि खुर्चीत बसल्या. कोणी काही बोलायच्या आत त्यांनी दाराकडे पाहिलं.

"सत्यवती, तिथं काहून उभी आहेस वं? आत ये."

सत्यवतीबाई उंबऱ्यापर्यंत आल्या. ताई म्हणाल्या, मंच राहील, पण तेल हिच्याच हातानं लागेल.

"नाही ताई. माह्या हातानं तुमचा पाय मोडला."

"पाय माझ्या गिरकीनं मोडला. या वयात मले मारुतीसंगं उडायचं कोणी सांगितलं होतं?" लोक हसले, पण सत्यवतीबाई हसल्या नाहीत. ताईंनी आवाज उतरवला. "तेल लावलं, मग पुसलं काहून नाही?"

"देवाचं तेल पुसावं कसं, ताई?"

ताई म्हणाल्या, "कीर्तनात तुले बुक्का लावते. घरी जाऊन तोंड धुतेस ना? मंग राम जाते का?"

सत्यवतीबाईंनी नाही अशी मान हलवली.

"आत गेलं ते राहते, बाई. वरचं पुसाच लागते."

जितेंद्रनं टर्पेंटाईननं माझा चिकटा काढला आणि काचपेपरनं मला घासलं. मग सत्यवतीबाई बसल्या. जवसाचं तेल लावताना त्यांचा हात सुरळीत चालला, पण पुसायची वेळ आली तसा अडला. त्यांनी डोळे मिटले आणि पुसण्याच्या प्रत्येक हाताबरोबर रामनाम घेतलं. फडकी बाहेर तारेवर पसरली. नागपूरचा उन्हाळा तेव्हा माझ्या कामाला आला, तेल लवकर वाळलं.

सगळंच मात्र पूर्ववत झालं नाही, मित्रांनो. ताई पडल्या तिथं तेल खोल मुरलं आहे. त्याचा काळा डाग जितेंद्रच्यानं निघाला नाही. ताईंचा पायही पहिल्यासारखा झाला नाही. आता त्या काठी घेऊन उभ्या राहतात, गिरकी घेत नाहीत. त्यांच्या गिरकीची वाट पाहत मी अजून जागा असतो.

तुमच्याही घरी लाकडाचं दार असेल, देवघर असेल. त्याला प्रेमानं जे द्याल, ते त्याला पचतं का, एवढं हात फिरवून पाहत जा. वरवर चमकणारं सगळंच आत गेलेलं नसतं.

श्रावणातल्या पहिल्या कीर्तनाला गोपिकाताई पायरीशी येऊन थांबल्या. पेटी लागली, तबला जुळला, तरी त्या चढेनात. तेव्हा सत्यवतीबाई माझ्या डाव्या कोपऱ्यातून उठल्या, वाकल्या आणि माझ्यावरून तळहात फिरवत काळ्या डागापर्यंत गेल्या. तिथं त्यांचा हात बराच वेळ थांबला. मग त्यांनी तो उलटा करून पाहिला.

"कोरडा हाये, ताई," त्या म्हणाल्या. "या."