तयार ठेवलेली पांढरी सायकल

सायकलस्वार संघाच्या कचेरीत त्या दिवशी अकरावं पत्र आलं. अक्षर तेच, वळणदार आणि टापटिपीचं. सचिवांनी पाकीट न फोडताच ओळखलं.

"अध्यक्ष, आलं बघा जाळीवालीचं पत्र!"

अध्यक्षांनी वर्तमानपत्रातून डोकंही वर काढलं नाही. "वाचू नका. पाठ आहे मला," ते म्हणाले.

जाळीवाली म्हणजे संघाची एक सदस्य. शिवणकाम करणारी, पन्नाशीला टेकलेली. उसवलेले कोट, तोकड्या झालेल्या पाटलोणी दुरुस्त करायच्या आणि सायकलवरून घरोघर पोचत्या करायच्या, यावर तिचं आणि तिच्या म्हाताऱ्या आईचं चालायचं. आईला हल्ली विसर पडू लागला होता. चष्मा कुठे ठेवला, जेवण झालं की नाही, काही ध्यानात राहत नसे. लेकीचा चेहरा तेवढा पक्का लक्षात होता.

ती राहायची त्या चौकात पावसाच्या पाण्यासाठी रस्त्याच्या कडेला एक लोखंडी जाळी बसवलेली होती. तिचे गज रस्त्याच्या दिशेनेच धावत होते आणि दोन गजांमधली फट सायकलचं चाक अलगद आत जाईल एवढी होती. जाळी चौरस होती. काढून आडवी बसवली की काम झालं. अकराही पत्रांत एवढंच लिहिलेलं होतं : "जाळी फिरवून घ्या. मी पडले तर आईला पाहणारं कुणी नाही."

आता हे काम संघाचं नाही, असं कुणी म्हणू शकत नव्हतं. नगरपालिकेच्या रस्ते समितीवर सायकलस्वारांच्या वतीने खुद्द सचिव बसत. प्रत्येक नकाशाखाली "सायकलस्वारांचे म्हणणे ऐकले" असं छापलेलं असे आणि त्याखाली सचिव झोकात सही ठोकत. सायकलस्वारांचं म्हणणं त्यांनी शेवटचं कधी ऐकलं होतं, ते त्यांनाच ठाऊक! ते स्वतः समितीला मोटारीने जात. सायकल गॅरेजमध्ये टांगलेली होती.

"एवढ्याशा जाळीसाठी शब्द खर्ची घालायचा?" अध्यक्ष म्हणत. "महापौरांशी आपले संबंध चांगले आहेत. ते जपायचे की किरकोळ कटकटी घेऊन जायचं?"

वार्षिक सभेत बाई उभी राहिली होती. हातात कागदावर काढलेली जाळीची आकृती होती. सचिवांनी माईक हातात घेऊन विचारलं, "बाई, इतकी वर्षं तुम्ही त्या जाळीवरून जाता, अजून पडला नाहीत. मग जाळी चांगली म्हणायची की तुम्ही?" सभागृह खो खो हसलं. बाईने कागदाची घडी घातली आणि खाली बसली. सचिवांना तो विनोद इतका आवडला की पुढे महिनाभर त्यांनी तो जो भेटेल त्याला ऐकवला. आणि वाचकहो, हसणाऱ्यांत तुमच्या-आमच्यासारखेच भले लोक होते. रोज सायकल चालवणारे!

मात्र एका बाबतीत संघाचं नाव होतं. सायकलस्वार अपघातात गेला की त्या जागी संघातर्फे पांढरी रंगवलेली सायकल उभी राही. फुलं, फोटो, पाटी, सगळं नीटनेटकं. पहिल्या वेळी रंग वाळायला दोन दिवस लागले आणि बातमी शिळी झाली. तेव्हापासून एक पांढरी सायकल मागच्या खोलीत कायम तयार असे. अकराव्या पत्राचं उत्तर म्हणून "आपल्या मौलिक सूचनेबद्दल आभारी आहोत" हे छापील कार्ड टपालात पडलं, त्या दिवशीही ती तिथे होतीच. नुसती पाटी कोरी होती.

त्याच आठवड्यातल्या गुरुवारी दुपारी बाई दोन कोट घेऊन निघाली. मागून बसने कर्कश हॉर्न दिला. ती कडेला सरकली आणि पुढचं चाक जाळीत गेलं. सायकल जागच्या जागी थांबली आणि बाई हॅंडलवरून पुढे तोंडावर आपटली. जबडा मोडला, उजव्या हाताची दोन बोटं चिरडली, डोक्याला मार बसला. लोकांनी तिला बेशुद्ध अवस्थेत इस्पितळात नेलं. कोट रस्त्यावरच राहिले.

संध्याकाळी अध्यक्षांचा फोन आला. "चौकशी केली मी. आशा कमी आहे म्हणतात."

"कमी म्हणजे?" सचिवांनी विचारलं.

"कमी म्हणजे कमी हो! उद्या सकाळी आठला महापौर त्याच चौकातून जाणार आहेत, नव्या रस्त्याच्या उद्घाटनाला. बरोबर फोटोग्राफर. आपली सायकल त्याआधी उभी हवी. लागा कामाला!"

सचिवांनी इस्पितळाला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावावा असं त्यांना वाटलं, अगदी हात फोनपर्यंत गेला. पण सदस्यत्वाच्या अर्जावरचा फोटो मोठा करून घ्यायचा होता आणि ते दुकान सातला बंद होत असे. ते दुकानाकडे पळाले.

सकाळी सहाला संघाचा मिस्त्री सामान घेऊन चौकात हजर झाला. हा वयस्कर माणूस सदस्यांच्या सायकली दुरुस्त करी आणि पांढऱ्या सायकलीही तोच रंगवी. पाटी वाचून त्याने विचारलं, "ताई गेल्या?"

"गेल्याच," सचिव म्हणाले.

मिस्त्रीने त्यांच्याकडे एकवार पाहिलं आणि खांबाला सायकल जखडली. चार नटबोल्ट पान्याने आवळले. उभं राहायला दुसरी जागा नव्हती म्हणून तो त्या जाळीवरच उभा होता. सायकलवर बाईचा फोटो लागला. खाली पाटी होती : "आमची लाडकी सदस्य", आणि आदल्या दिवसाची तारीख.

सात वाजता एक म्हातारी दुधाची पिशवी घेऊन आली. अंगावर शाल होती, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. फोटोपुढे येऊन ती थांबली.

"ही कोण हो?" तिने विचारलं.

सचिव फुलं नीट करत होते. मागे वळून न पाहताच ते सवयीच्या आवाजात म्हणाले, "आमच्या सदस्य होत्या, आजी. काल गेल्या. फार गुणी बाई."

"हो," म्हातारी म्हणाली. "गुणी होती."

मग ती हळूच पदपथाच्या कडेवर बसली. दुधाची पिशवी मांडीवर घेतली. आदल्या संध्याकाळी शेजारणीने तिला सांगितलं होतं, "लेक इस्पितळात आहे, बरी होईल." ते ती केव्हाच विसरली होती. हे मात्र ती विसरणार नव्हती.

महापौर आले. फूल वाहिलं. फोटोग्राफरने म्हातारीला जरा सायकलच्या जवळ सरकायला सांगितलं, आणि ती सरकली. "फोटो झकास आला!" अध्यक्ष सचिवांच्या कानात म्हणाले.

अकराला कचेरीत फोन वाजला. पलीकडे परिचारिका होती. "तुमचं ओळखपत्र पेशंटच्या खिशात सापडलं. त्यावर हाच एक नंबर आहे. बाई पहाटेच शुद्धीवर आल्यात. बोलता येत नाही, डाव्या हाताने कागदावर लिहिलंय : आई घरी एकटी आहे, संघाला सांगा. जाल ना कुणीतरी?"

सचिवांना दुधाची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली ती म्हातारी आठवली.

ते चौकात धावत पोचले तेव्हा म्हातारी तिथेच बसली होती. दूध नासलं होतं.

"आजी! अहो आजी, तुमची मुलगी जिवंत आहे! माझी चूक झाली, ती जिवंत आहे!"

म्हातारीने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "असं खोटं सांगू नये हो," ती म्हणाली. "तुम्हीच तर सकाळी सांगितलंत."

दुपारपर्यंत मिस्त्रीने सायकल उतरवली. सचिव कचेरीत डोकं धरून बसले होते. समोर राजीनाम्याचा कागद होता. मिस्त्रीने पाना टेबलावर ठेवला.

"हे काय लिहिताय साहेब?"

"राजीनामा. मला तोंड दाखवायला जागा नाही, मिस्त्री."

"वा! म्हणजे तुम्ही घरी बसून मोकळे. आणि जाळी?"

"जाळी?"

"सकाळी मी तिच्यावरच उभा होतो. चार नट आहेत साहेब. सायकलला मारले तेच चार, त्याच मापाचे. हाच पाना लागला असता. मेलेल्यासाठी सायकल आपण आधीपासून रंगवून ठेवतो, आणि जिवंत माणसासाठी पाना उचलत नाही! अकरा पत्रं लिहिली त्या ताईंनी. त्यांनी तुमच्याकडे मागितलं काय होतं? फुलं मागितली होती? फोटो मागितला होता?"

"पण नगरपालिकेची परवानगी..."

"ती आणणं हेच तुमचं काम होतं!" मिस्त्रीचा आवाज पहिल्यांदाच चढला. "त्यासाठीच तर आम्ही तुम्हाला तिथे बसवलं. नुसती सहीच करायची होती तर रबरी शिक्का पाठवला असता की! आमच्या नावाने तिथे बसता आणि आमच्यापैकी कुणाला ओळखत नाही. ती म्हातारी रोज त्या चौकातून दूध आणते. मी ओळखलं तिला, पण तोवर तुम्ही बोलून गेला होतात. आणि मीही गप्प बसलो. माझ्याही तोंडाला कुलूप लागलं. तेव्हा राजीनामा द्यायचाच तर दोघांचा लिहा. नाहीतर उठा."

सचिवांनी कागद फाडला आणि उठले. थेट नगरपालिकेत गेले. अभियंत्याच्या टेबलावर त्यांनी अकरा पत्रं मांडली आणि म्हणाले, "परवानगी लिहून द्या. मी इथून हलणार नाही." अर्ध्या तासात कागद मिळाला! इतकी वर्षं कुणी मागितलाच नव्हता. मिस्त्रीने नट सोडवले, दोघांनी पहारीने जाळी उचलली, फिरवली आणि आडवी बसवली. घड्याळ लावून दहा मिनिटं लागली. सचिव तिथेच रस्त्याच्या कडेला बसून लहान मुलासारखे रडले.

दोन महिने शेजारणीने म्हातारीला सांभाळलं, मग बाई घरी आली. सचिव माफी मागायला गेले. दार म्हातारीने उघडलं आणि त्यांना पाहताच तिचा चेहरा उजळला.

"या या! तुम्ही त्या सायकलवाल्या संघाचे ना? फार छान केलंत हो तुम्ही माझ्या लेकीचं. किती सुंदर सायकल! आणि फुलं! जिवंतपणी तिचं कुणी ऐकलं नाही. मेल्यावर तरी तुम्ही आलात. देव तुमचं भलं करो."

तिच्यामागे बाई उभी होती. डोक्यावरचे केस काढलेले, गालावर टाके, जबडा तारेने बांधलेला. चेहरा इतका बदललेला की सचिवांनीही क्षणभर ओळखला नाही.

"ह्या बाई इस्पितळातून आल्यात," म्हातारी हळू आवाजात म्हणाली. "माझं सगळं करतात. स्वभावाने चांगल्या आहेत. रोज मला लिहून दाखवतात की मी तुझी लेक आहे म्हणून. मी काही बोलत नाही. बिचारीचं कुणी नसेल."

सचिवांनी बाईपुढे हात जोडले. बाईने कोपऱ्यातून एक कागद घेतला आणि डाव्या हाताने लिहू लागली. ते वळणदार अक्षर आता राहिलं नव्हतं. वाकडीतिकडी, पहिलीतल्या मुलासारखी अक्षरं होती. सचिवांना वाटलं, आता शिव्याशाप वाचायला मिळणार. मिळाले असते तर बरं झालं असतं!

कागदावर लिहिलं होतं : "सदस्य क्रमांक चारशे बारा. शाळेसमोरची जाळीसुद्धा तशीच आहे. फिरवून घ्या." आणि त्याखाली : "माझा फोटो परत द्या. मी तो अर्जासाठी दिला होता."

सचिव जिने उतरून तसेच चालत शाळेकडे गेले. मिस्त्रीला तिथेच बोलावून घेतलं. त्या आठवड्यात शहरातल्या अठ्ठेचाळीस जाळ्या फिरल्या. "महापौर नाराज आहेत," असं अध्यक्ष सांगायला आले, तेव्हा सचिव म्हणाले, "असू देत. मी त्यांचा प्रतिनिधी नाही." पुढच्या सभेत अध्यक्ष बदलले आणि एकच ठराव झाला : पत्र आलं की पदाधिकाऱ्याने आठ दिवसांत सायकलवर बसून त्या जागी जायचं, आणि तिथून परत येईपर्यंत उत्तर लिहायचं नाही. छापील कार्डांची रद्दी झाली. मागच्या खोलीतल्या सायकलला मिस्त्रीने तिचा मूळचा काळा रंग दिला. गॅरेजमधली आपली सायकल सचिवांनी खाली काढली, आता ते समितीला तिच्यावरूनच जातात.

एवढं सगळं झालं, पण म्हातारी काही बदलली नाही. ती अजून रोज सकाळी चौकातल्या त्या रिकाम्या खांबाशी येऊन थोडा वेळ उभी राहते. शेजारी एक बाई तिचा हात धरून असते. रस्ता ओलांडताना म्हातारी तिला म्हणते, "सांभाळून हो बाई. माझी लेक इथेच गेली."

मंडळी, संस्था कुठलीही असो, तिच्यात आपण नाव नोंदवतो ते आपल्या फोटोला हार घालायला नव्हे. जो आपल्या वतीने बसतो त्याने आधी आपलं ऐकायचं असतं, आपण बोलू शकतो आहोत तोवर! आणि सभेत कुणी उभं राहून एका जाळीबद्दल बोलू लागलं, तर निदान हसू नका. ऐकायला दहा मिनिटं लागतात.