रोझमेरीची कुंडी

येर्कोने पेला ओठांना लावला, श्वास रोखला आणि मान मागे टाकली. ओठ मात्र घट्ट मिटलेले. ते पाहून समोरच्या पाहुण्यांनीही आपापले पेले घशात ओतले, आणि पहिल्या घोटाला सगळेच करतात तसे डोळे मिटून खोकू लागले. तेवढ्यात येर्कोचा हात खुर्चीमागे गेला. राकिया, ती घरची कडक दारू, रोझमेरीच्या कुंडीत गेली आणि रिकामा पेला टेबलावर आपटला.

"कप्तान! कप्तान!" पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

कप्तान कसला? जन्मभर त्याने सार्डिन मासे पकडले होते. टोपी आणि पट्ट्यापट्ट्यांची बनियन त्याच्या मुलाने, बार्तुलने, स्प्लिट शहरातून आणली होती. 'कप्तान येर्कोबरोबर प्या' अशी पाटी धक्क्यावर लागली, आणि तेव्हापासून पर्यटकांची बोट लागली की येर्कोला घरच्या खाणावळीच्या अंगणात, या तुतीखालच्या खुर्चीत बसावं लागे. त्याची स्वतःची होडीही दारातच होती, पण कमरेतून कापलेली. तिच्यात बर्फ भरून मासे मांडलेले असत, पाहुण्यांनी बोट दाखवून निवडावेत म्हणून. तिच्याकडे तो शक्यतो बघत नसे.

या घराची रीत जुनी. आल्यागेल्यापुढे सुकी अंजिरं आणि राकिया ठेवायची, आणि पहिला घोट यजमानाने घ्यायचा. त्याने घेतला नाही तर पाहुणा पेल्याला हात लावत नसे. येर्कोच्या बापाने ती पाळली, येर्कोनेही पाळली, आणि त्याच रितीने त्याचं यकृत पोखरलं.

"एक थेंबसुद्धा नाही," वसंतात स्प्लिटच्या डॉक्टरने बजावलं होतं. "नाहीतर यंदाची ऑलिव्हं तोडायला तुम्ही नसाल."

बार्तुल तेव्हा शेजारीच बसला होता. परतीच्या बोटीत येर्कोला वाटलं, घरी पोचल्यावर पोरगा काहीतरी बोलेल. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, आणि बार्तुल स्वयंपाकघरातून ट्रे घेऊन बाहेर आला. ट्रेमध्ये येर्कोच्या लग्नातला निळ्या काठाचा पेला होता, नेहमीसारखा काठोकाठ भरलेला.

ते येर्कोच्या जिव्हारी लागलं. आपणहून 'मला झेपत नाही' म्हणणं त्याला मरणाहून जड होतं. मग अख्ख्या गावात बोभाटा झाला असता, येर्को संपला म्हणून. तेव्हा तो रोज पेला उचले, वासानेही मोह होऊ नये म्हणून श्वास रोखे, कुंडीत ओते, आणि वाट बघे. आज तरी पोरगा म्हणेल, बाबा, पुरे. पोरगा काही म्हणत नसे. कोपऱ्यात उभा राहून नुसता टक लावून बघत असे, गिऱ्हाईक खूश आहे की नाही ते.

शेजारचा शिमे कुंपणावर कोपरं टेकून उभा होता.

"काय कप्तान, जहाज बुडालं की काय? की बर्फात घातलंस?"

"तुझी जीभ घाल त्या बर्फात."

"ते राहू दे. तुझी रोझमेरी बघ कशी माजलीय! माझी पार करपली उन्हाने. काय घालतोस रे तिला?"

"शिव्या," येर्को म्हणाला.

खरं तर त्यालाही नवल वाटे. एवढी राकिया रिचवून ते झुडूप कधीच मरायला हवं होतं. आमच्याच घराण्याचं दिसतंय, असं म्हणून त्याने विषय सोडून दिला होता.

लाल चेहऱ्याचा एक झेक पाहुणा उठला आणि येर्कोच्या गळ्यात हात टाकून काहीतरी ओरडला.

"अजून एक म्हणतोय, बाबा. तुमच्याबरोबर," बार्तुल म्हणाला.

"मग?"

"मग काय... आणतो."

तो हसत आत गेला आणि हसतच परत आला. निळ्या काठाचा पेला पुन्हा भरलेला. येर्कोच्या डोक्यात तिडीक गेली. याला पाटी हवी, टोपी हवी, बाप नाही राहिला तरी चालेल! ठीक आहे. तुझ्या मनासारखं होऊ दे. झेक पाहुण्याचा हात अजून खांद्यावर होता, त्यामुळे मागच्या कुंडीकडे हात नेता येत नव्हता. येर्कोने बार्तुलकडे रोखून पाहिलं आणि पेला एका दमात पोटात रिकामा केला.

घशातून आग काही उतरली नाही.

जिभेवर बडीशेप आली, जराशी कडू पानं आली, आणि बाकी सगळं पाणी. विहिरीचं गार पाणी, बडीशेप घालून उकळलेलं आणि मग निववलेलं.

येर्को पेल्याकडे बघत राहिला. बार्तुलचं हसू मावळलं होतं. ट्रे त्याने छातीशी धरला होता, आणि तो गिऱ्हाइकाकडे बघत नव्हता. तो बापाकडे बघत होता. बहुतेक रोजच बघत असावा. सगळे बघत असताना रडायचं कसं ते येर्कोला सुचेना.

"कशी आहे?" झेक पाहुण्याने मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं.

येर्को जोरजोरात खोकला. छातीवर मूठ मारून घेतली, डोळे पुसले.

"आग आहे, आग!" तो म्हणाला. "हा पोरगा मला मारणार एक दिवस."

सगळे खदखदून हसले. कुंपणापलीकडून शिमेही हसला.

"बाबा," बार्तुलचा आवाज चिरका निघाला, "पुरे का आता?"

"पुरे कसलं? आण अजून. आणि नीट भर, काठापर्यंत."

बोट सुटेपर्यंत त्याने दर वेळी सगळ्यांच्या देखत पेला रिकामा केला. श्वास एकदाही रोखला नाही.

उन्हं कलल्यावर बार्तुल टेबलं पुसू लागला. पुसता पुसता खुर्चीमागे आला आणि रोज करत असावा तसं त्याने सहज कुंडीतल्या मातीला बोट लावलं. पहिल्या पेल्याची ओल उन्हाने कधीच सुकली होती, माती कोरडी होती. तो तसाच वाकलेला राहिला.

"आज तिला एकाच पेल्यावर भागवावं लागलं रे," येर्को म्हणाला आणि त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

बार्तुल आत जाऊन उरलेल्या बडीशेपेच्या पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि कुंडीत ओतू लागला, सावकाश, बापाकडे पाठ करून.